विश्वास उरला नाही, तरी काठी धरायची का?

करवीर_काठ (धागाकर्ता)

चैत्र पौर्णिमा तोंडावर आलीय. जोतिबाच्या यात्रेला आमच्या गावची सासनकाठी, म्हणजे देवाच्या मानाची उंच सजवलेली काठी, जाते आणि ती उभी करताना पहिला हात आमच्या घरातल्या कर्त्या पुरुषाचा लागतो. आजोबांनंतर वडील धरायचे. वडील गेल्या पावसाळ्यात गेले. म्हणजे यंदा मी.

अडचण अशी की माझा देवावर विश्वास नाही. देवाशी भांडण नाही, कुणा बुवानं फसवलेलंही नाही. कॉलेजात असताना कधीतरी हळूहळू गळून गेलं, एवढंच. वडिलांना ठाऊक होतं. त्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. परवा आईला सांगितलं तर म्हणाली, "तुला कोण विश्वास ठेव म्हणतंय? काठी धर म्हणतोय आम्ही."

अस्तित्ववाद्यांचं थोडंफार वाचलंय, त्यामुळं डोक्यात किडा शिरलाय. मनात काही नसताना गुलाल अंगावर घ्यायचा, खोबरं उधळायचं, "जोतिबाच्या नावानं चांगभलं" ओरडायचं, ही त्यांच्यातल्या फ्रेंच सार्त्रवाली आत्मवंचनाच, स्वतःच स्वतःला फसवणं, झाली का? नाही म्हणालो तर गावाचं काही अडणार नाही, चुलतभाऊ धरेल. आईचं मात्र अडेल.

तर विचारतो: विश्वास नसताना विधी करणं अप्रामाणिक आहे का? आणि देवच नसेल तर हा प्रामाणिकपणा कुणाशी राखायचा?

निवांत_लका

भावा, काठीची उंची बघितलीस का कधी खालनं? विश्वास नसला तरी चालंल, दंडात दम पायजे. आधी तालमीत जा, मग सार्त्रकडं.

सदाशिव_पेठी

पुण्याहून लिहितोय, त्यामुळे आधीच माफी असावी. 🙂

सार्त्रने १९४३ च्या ग्रंथात आत्मवंचनेसाठी कॅफेतल्या वेटरचं उदाहरण दिलं आहे. त्याच्या हालचाली जरा जास्तच चपळ, अदब जरा जास्तच. तो वेटर असण्याचा खेळ करतोय, जणू दगड जसा दगड असतो तसा आपण वेटर आहोत आणि दुसरं काही असण्याची शक्यताच नाही.

पण आत्मवंचनेत फसवणारा आणि फसणारा एकच माणूस असावा लागतो. तुम्हाला पक्कं माहीत आहे की विश्वास नाही, म्हणजे तुम्ही स्वतःला फसवत नाही. फसवत असाल तर गावाला. आत्मवंचना सुरू होईल ती "माझा नाइलाज आहे हो, आमच्या घराला मानच आहे" असं म्हणाल तेव्हा. सार्त्रच्या हिशेबात मान कुणाला काही करायला लावत नाही. तुम्ही धरलीत तर तुम्ही धरलीत, सोडलीत तर तुम्ही सोडलीत.

निवांत_लका

अदब करणारा वेटर? आमच्याकडं मिसळीच्या हॉटेलात पोरगं कट आणून असं आदळतंय की शिंतोडे शर्टावर. "अजून कट?" विचारताना बघतंय दुसऱ्या टेबलाकडं. लई प्रामाणिक माणूस. सार्त्रला इकडं आणायला पायजे होता.

शंकेखोर

धागाकर्ते, सरळ उत्तर देतो. धरू नका.

"आईला वाईट वाटेल" या एका वाक्यावर या देशातल्या अर्ध्या प्रथा चालल्या आहेत. प्रत्येक पिढीत विश्वास न ठेवणारा एकजण असतो, तो आईसाठी गप्प बसतो आणि पुढच्या पोराला वाटतं की सगळेच मानतात. याच कोल्हापुरात २०१५ च्या फेब्रुवारीत कॉम्रेड पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. उघड बोलायची किंमत लोकांनी इथं जीव देऊन मोजलीय. तुम्हाला फक्त एकदा "नको" म्हणायचंय आणि त्यासाठी तुम्ही पॅरिसचे दाखले शोधताय.

दवणा

शंकेखोर, पानसरेंचं नाव काठीच्या वादात ओढू नका. ते आयुष्यभर कामगार आणि शेतकऱ्यांत राहिले, त्या लोकांच्या घरातल्या देवाला लाथ मारून नव्हे.

मी मानणारी आहे, म्हणून आमची बाजू. विश्वास म्हणजे चोवीस तास पेटलेला दिवा असतो असं न मानणाऱ्यांनाच वाटतं. मी डोंगरावर जाते, रांगेत उभी राहते, हातात दवणा असतो आणि मनात त्या क्षणी काहीही नसतं. घामाचा वास, पुढच्या बाईची वेणी, चपला कुठं काढल्या याची काळजी. कधीतरी अचानक भरून येतं. कधी वर्षभर येत नाही. तरी जाते. तुम्ही म्हणता तुमचा गळून गेला. बरं. पण आमचाही रोज शाबूत असतो असं कुठाय?

तुकोबांनी लिहून ठेवलंय, "आहे ऐसा देव वदवावी वाणी । नाहीं ऐसा मनीं अनुभवावा ॥" आता सांगा, तुकोबा अप्रामाणिक का?

सदाशिव_पेठी

दवणाताई, त्या ओळींचे अर्थ लावणाऱ्यांत एकमत नाही. अद्वैताच्या अंगाने वाचलं तर त्यात नास्तिकपणा औषधालाही नाही.

दवणा

असू दे. मला रांगेत उभं राहून जो लागला तो सांगितला.

शंकेखोर

तुकोबांचं काढलंच आहे तर पूर्ण काढा. "माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल ॥" हेही त्यांचंच. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या पुस्तकातला वेडा भर दिवसा कंदील घेऊन बाजारात देव मेल्याची बातमी सांगत फिरला ते १८८२ साली. आमचा देहूचा वाणी सतराव्या शतकात सांगून मोकळा झाला होता.

मास्तर

शंकेखोर, टाळ्या मिळतील, पण दोन्ही मरणं वेगळी आहेत. नीत्शेचा वेडा सांगतो, "आपण सगळ्यांनी मिळून मारला," आणि पुढं विचारतो की आता वर कुठलं आणि खाली कुठलं. तो एका अख्ख्या संस्कृतीचा पाया गेल्याचं सांगतोय. तुकोबांचा अभंग म्हणजे घरातलं भांडण आहे. पुढच्याच ओळीत ते म्हणतात, आता त्याच्या गोष्टी करणार नाही, नावही घेणार नाही. ज्याच्याशी अबोला धरायचा तो आधी जवळचा असावा लागतो. दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली त्या माणसाचं बोलणं आहे ते.

(निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे, तेव्हा लांबण लागणार. कंटाळा आला तर पुढं सरका.)

धागाकर्त्यानं सार्त्र धरलाय, पण त्याचा प्रश्न जास्त कीर्केगार्डचा आहे. कोपनहेगनचा हा तत्त्वज्ञ १८१३ ते १८५५ असा जेमतेम बेचाळीस वर्षं जगला. १८४३ साली टोपणनावानं त्यानं 'भय आणि कंप' लिहिलं. विषय बायबलातला अब्राहाम. देवानं सांगितलं, मुलाला मोरियाच्या डोंगरावर ने आणि बळी दे. अब्राहाम निघाला. बायकोला बोलला नाही, मुलाला बोलला नाही. शेवटच्या क्षणी हात अडवला गेला आणि मेंढा मिळाला, हे सगळ्यांना माहीत असतं. कीर्केगार्ड म्हणतो, ते विसरा, वाटेवरचे तीन दिवस बघा. नीती हीच सगळ्यात वरची असेल तर हा बाप खुनी आहे. खुनी नसेल तर नीतीच्या वर काहीतरी आहे आणि ते कुणालाही समजावून सांगता येत नाही.

आता आपल्याकडचं घ्या. श्रियाळ, चांगुणा आणि चिलया बाळ. शिवलीलामृतात आहे. अतिथी होऊन शंकर आला आणि पोराचं मांस मागितलं. आईनं पोराचं डोकं उखळात कांडलं, तेही गाणं म्हणत, डोळ्यांतून टिपूस न काढता. वरवर बघता तीच गोष्ट. पण श्रियाळाचं सगळं उघड आहे. अतिथी विन्मुख जाऊ नये हे सत्त्व गावाला कळतं, बायकोला कळतं, खुद्द पोराला कळतं. कीर्केगार्डच्या मते राज्यासाठी मुलीचा बळी देणारा अगामेम्नॉन असाच. लोक त्याच्यासाठी रडतात, कारण त्यांना त्याचं कारण समजतं. अब्राहामासाठी कोण रडणार? त्याच्याकडं कारणच नाही.

म्हणून धागाकर्त्याला माझा प्रश्न: तू काठी धरलीस तर त्याचं कारण गावाला कळण्यासारखं आहे. मग तुझ्या अडचणीत श्रद्धेचा भाग किती आणि चारचौघांचा किती?

शंकेखोर

मास्तर, आज श्रियाळ शेटवर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला असता. अतिथी फरार.

निवांत_लका

अतिथीचा जामीन फेटाळला 😂

गंगावेस

हसू नका लका. मी लहान असताना आजी चिलया बाळाची गोष्ट सांगायची. रात्री जेवणं झाली की भांडी पालथी घालत घालत सांगायची. उखळाच्या जागी आली की आवाज बसायचा. मग उठून चुलीतलं लाकूड उगाच सरकवायची आणि परत येऊन शेवट पटापटा उरकायची, शंकरानं पोरगं परत दिलं, संपलं, झोपा. मी एकदा विचारलो, आजी, परत दिलं तर तू का रडतीस? म्हणाली, "कांडताना तिला कुठं माहीत होतं देणार हाय म्हणून."

मास्तर, तुमच्या त्या कोपनहेगनवाल्याला जे पुस्तक लिहून सांगायला लागलं ते आजी चुलीपाशी सांगत होती. आजीची दोन पोरं गेलेली होती. एकही परत दिलं नव्हतं शंकरानं. तरी सोमवार धरायची. मी आता तिच्या वयाला येत चाललो तरी मला ते कळलेलं नाही.

सदाशिव_पेठी

फार सुंदर लिहिलंत. एक शंका, "मी विचारलो" म्हणताय, आपण दादा की ताई?

निवांत_लका

कोल्हापुरात हा प्रश्न विचारायचा नसतो पेठी. आमच्या आक्का जातो, येतो, जेवतो. निवांत वाचा.

मुक्ता_उवाच

सगळा धागा वाचला. कर्ता पुरुष, मानाचा हात, बापानंतर मुलगा. धागाकर्त्याला बहीण आहे का? आई आहे हे तर त्यांनीच लिहिलंय. आईच्या विश्वासाबद्दल सगळे बोलताय, पण काठीला आईचा हात का लागत नाही हे एकानंही विचारलं नाही.

गंगावेस यांच्या गोष्टीतही तेच. सत्त्व श्रियाळाचं, उखळ चांगुणेचं.

तुमचा स्वातंत्र्याचा पेच मला खोटा वाटत नाही. पण हा पेच ज्यांच्या हातात आधीच काहीतरी आहे त्यांनाच पडतो. धरू की सोडू हे विचारायला आधी धरता यावं लागतं. सार्त्रची सोबतीण, तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हारनं १९४७ साली नीतिशास्त्रावर लिहिताना सार्त्रच्या पुढचं पाऊल टाकलं ते इथंच: दुसऱ्याचं स्वातंत्र्य वाढावं असं वागल्याशिवाय माझ्या स्वातंत्र्याला अर्थ येत नाही. तुमच्या आईनं नवरात्राचे उपवास, घट, यात्रेचा नैवेद्य हे सगळं विश्वास आहे म्हणून केलं की सून म्हणून केलं? कधी विचारलंय? एप्रिल २०१६ पर्यंत अंबाबाईच्या गाभाऱ्यातसुद्धा बायकांना प्रवेश नव्हता, तोही न्यायालयात जाऊन आणि गोंधळ होऊन मिळाला. देवी बाई, दारात बाया. विश्वासाची चर्चा नंतर करू.

दवणा

मुक्ता, मुद्दा मान्य. पण "सून म्हणून केलं" आणि "विश्वासानं केलं" ही दोन खाती आमच्या आयुष्यात इतकी वेगळी नसतात. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूच्या धाकानं उपवास धरला. सासू गेली, धाक गेला, उपवास राहिला. आता तो माझा आहे. सुरुवात कुणी लावली यावरून शेवटपर्यंत तो दुसऱ्याचाच राहतो असं कुठं लिहिलंय?

मुक्ता_उवाच

सोडायची मुभा असेल तर तुमचा. सोडून बघितलाय कधी?

दवणा

एक वर्ष. आजारी होते तेव्हा. चुकचुकलं.

सदाशिव_पेठी

यावर सार्त्र काय म्हणाला असता ते त्याच्या ऑक्टोबर १९४५ च्या पॅरिसमधल्या गाजलेल्या व्याख्यानात आहे. युद्धकाळात एक विद्यार्थी त्याच्याकडे आला. थोरला भाऊ १९४० च्या जर्मन हल्ल्यात मारला गेलेला, बाप शत्रूशी जुळवून घेण्याच्या मताचा, आई या एका मुलावर जीव लावून बसलेली. इंग्लंडला जाऊन फ्री फ्रेंच सैन्यात भरती व्हावं की आईजवळ राहावं? सार्त्रचं उत्तर: तू मोकळा आहेस, निवड कर.

हे ऐकून लोक चिडतात. पण त्यात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, "माझं आईवर पुरेसं प्रेम आहे म्हणून मी राहतो" असं आधी ठरवता येत नाही, राहिल्यावरच ते प्रेम किती होतं ते ठरतं. दवणाताईंचा उपवास थोडासा तसाच. दुसरी जास्त बोचरी: सल्ला कुणाला विचारायचा हे निवडतानाच आपण उत्तर निवडलेलं असतं. करवीर_काठ, तुम्ही गावच्या पुजाऱ्याला विचारलं नाहीत, अंनिसच्या कार्यकर्त्यालाही नाही. तुम्ही इथं धागा काढलात, जिथं निम्मे हो म्हणणार आणि निम्मे नाही.

निवांत_लका

आणि एकजण जिमला जा म्हणणार.

उपाशी_वाचक

याच सार्त्रला नोबेल मिळालं ना? घेऊन परत निवडीवर भाषणं ठोकायची, बरंय.

सदाशिव_पेठी

१९६४ ला जाहीर झालं, त्याने नाकारलं. घेतलं ते फ्रेंच लेखक काम्यूने, १९५७ ला. आणि काम्यू स्वतःला अस्तित्ववादी म्हणवून घ्यायला तयार नव्हता.

गुऱ्हाळ

काम्यूचं नाव निघालं म्हणून लिहितो. कॉलेजात असताना सिसिफसचा निबंध वाचून मी भारावलो होतो. देवांनी शिक्षा दिलेला माणूस, दगड डोंगरावर ढकलायचा, तो परत खाली येणार, हा परत ढकलणार, आणि शेवटी काम्यू म्हणतो की सिसिफस सुखी आहे अशी कल्पना करायला हवी.

नंतर साखर कारखान्याच्या शेती विभागात लागलो. दिवाळीनंतर मराठवाड्यातून टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात फडात, थंडीत पाचट हाताला कापतं. बाई मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते, खाली पाळण्यात पोर. एक फड संपला की दुसरा. मार्च एप्रिलला परत जातात, उचल फिटलेली नसते, पुढच्या वर्षीची घेऊनच जातात. आता यांना सुखी कल्पायचं? कुणी कल्पायचं, मी? ट्रॉलीच्या पावतीवर सही करणाऱ्यानं?

सिसिफसला शिक्षा देवांनी दिली होती. यांचा दगड कुणी ठेवलाय ते माझ्या रजिस्टरात लिहिलेलं असतं. तिथं अर्थ शोधायचा नसतो, दर वाढवायचा असतो. मला अस्तित्ववाद इथं अपुरा पडला.

मास्तर

गुऱ्हाळ, पोस्ट जपून ठेवावी अशी. काम्यूच्या बाजूनं एवढंच म्हणेन की तो तिथं थांबला नाही. १९४२ च्या निबंधात माणूस एकटा आहे. १९४७ च्या 'प्लेग'मध्ये अख्खं गाव आहे आणि दगड सगळ्यांनी मिळून ढकलायचा आहे.

चिखलीकर

मास्तर, 'प्लेग' मी पुराच्या नंतर वाचलं, म्हणून लिहावंसं वाटतंय. इतर वेळी मी नुसता वाचणाऱ्यातला.

२०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी तिच्याही वर बारा-तेरा फूट चढलं होतं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले, हायवे शिरोलीजवळ बंद, आमच्या चिखलीला चारी बाजूनं पाणी. त्या दिवसांत दोन प्रकारची माणसं बोलत होती. एक म्हणायची देवीचा कोप. दुसरी अलमट्टीचं पाणी, धरणाचं नियोजन, पूररेषेतली बांधकामं यावर तावातावानं. दुसरे बरोबरच होते. पण आम्ही माळ्यावर बसलेलो असताना दोन्ही बोलणी सारखीच लांबून ऐकू येत होती.

बोट घेऊन जो पोरगा आला तो आमच्या गावचा नव्हता. कुठल्यातरी तालमीचा, खांदे असे. आम्हाला खाली घेतलं. शेजारच्या म्हाताऱ्या आजी बोटीत बसेनात. देव्हाऱ्यातले टाक आत राहिलेत, ते घेतल्याशिवाय येणार नाही. सगळे ओरडायला लागले, त्यात मी सुद्धा. पोरगा काही बोलला नाही. बोट खिडकीच्या गजाला बांधली, छातीभर पाण्यातनं आत गेला आणि टाक फडक्यात बांधून, फडकं दातात धरून बाहेर आला. आजी बसल्या. नंतर कळलं की त्याच्या घरात देव्हारा नसतोच, त्यांचा धर्म वेगळा.

'प्लेग'मध्ये तो डॉक्टर म्हणतो ना, हा शौर्याचा मामला नाही, सचोटीचा आहे, आणि माझ्यापुरती सचोटी म्हणजे आपलं काम करणं. मला ते वाचताना फडकं दिसलं. धागाकर्त्यानं विचारलंय देव नसेल तर प्रामाणिक कुणाशी राहायचं. त्या पोराला त्या टाकांशी काही देणंघेणं नव्हतं.

शंकेखोर

चिखलीकर, पोराला सलाम. पण कठोर वाटलं तरी विचारतो. बोटीत माणसं आहेत, पाणी वाढतंय, आणि धातूच्या पत्र्यांसाठी बोट बांधून आत जायचं? कुणी बुडालं असतं तर? हे नैतिक कसं?

चिखलीकर

तेव्हा मी हेच ओरडत होतो, शब्द जरा वेगळे होते. पण आजी खरंच बसल्या नसत्या. त्यांना उचलून टाकलं असतं तर बोट हलली असती. त्यानं बहुतेक हिशेब केला. किंवा केला नाही, गेला. मी विचारायच्या आत पुढच्या घराकडं गेला होता.

मुक्ता_उवाच

त्यानं आजीला "टाक म्हणजे नुसता पत्रा" असं समजावलं नाही हे मला महत्त्वाचं वाटतं. तिचं जग तिच्या हिशेबानं धरलं, स्वतःचं न सोडता.

शंकेखोर

माझ्या पोस्टला टोमणा आहे तो.

मुक्ता_उवाच

थोडासा.

निवांत_लका

गंभीर झालंय म्हणून मधेच विचारतो, पाटाकडील आणि शिवाजी तरुणची फुटबॉल मॅच कोण बघायला चाललंय? तिथं सगळ्यांचा विश्वास शाबूत असतो. शेवटच्या मिनिटापर्यंत.

गंगावेस

मॅच हरल्यावर तुझा कीर्केगार्ड होतो ते आम्ही बघितलंय.

करवीर_काठ

सगळ्यांचं दोनदा वाचलं. उत्तर द्यायला उशीर झाला, घरी काही बोलणी चालली होती.

मुक्ता, बहीण आहे, धाकटी, बेंगळुरूला असते. तुमच्या पोस्टनंतर आईला विचारलं, काठीला बायकांचा हात का नाही? आई भाजी निवडत होती. म्हणाली, "काठीला गुंडाळायचं कापड दरवर्षी कोण शिवतं?" मी म्हटलं, तू. "मग हात कुणाचा लागला आधी?" यावर मला काही सुचलं नाही. उपवासांचंही विचारलं. त्याचं उत्तर मिळालं नाही, "मेथी धू" असं मिळालं.

मास्तर, तुमच्या प्रश्नावर विचार केला. माझ्या अडचणीत चारचौघांचा भाग जास्त आहे हे खरं. काठी धरायला माझी हरकत नव्हती, लोक मला मानणारा समजतील याला होती. सदाशिव_पेठी, तुम्ही ते पहिल्याच उत्तरात सांगितलं होतं, गावाला फसवणं. तेवढं काढून टाकता येतं का ते बघावं म्हणून पाटलांकडं गेलो. यात्रेचं सगळं तेच बघतात, वडिलांचे दोस्त. सांगितलं, काका, मी देव मानत नाही, तरी धरू का? धरली तर नवस बोलणार नाही, गाऱ्हाणं घालणार नाही, ते दुसऱ्या कुणीतरी घालावं.

त्यांनी ऐकून घेतलं. तंबाखू मळत होते, ती मळून झाली, मग म्हणाले, "बरं. गाऱ्हाणं मी घालतो. उजव्या अंगाचा दोर गेल्या साली झिजला होता, तो नवा घ्यायचाय. तेवढं तू बघ."

तर धरतोय. का धरतोय याचं नीट कारण अजूनही देता येणार नाही. वडिलांसाठी म्हणावं तर ते बघायला नाहीत. आईसाठी म्हणावं तर ती म्हणते माझ्यावर उपकार नकोत.

दवणा

गाऱ्हाणं नको तर नको. गुलाल डोळ्यांत जातो, गॉगल घे.

सदाशिव_पेठी

कारण देता येत नाही आणि तरी जबाबदारी तुमचीच. सार्त्रची हरकत नसावी. कीर्केगार्ड मात्र म्हणेल की हे फारच सोपं झालं.

मास्तर

कीर्केगार्ड सगळ्यांनाच तसं म्हणायचा. शेवटच्या वर्षांत त्यानं डेन्मार्कच्या सरकारी चर्चवर तोफ डागली ती याचसाठी. जन्मला की ख्रिस्ती, नाव नोंदवलं की ख्रिस्ती, मग खरा ख्रिस्ती होण्याची कुणाला गरजच उरत नाही. मरताना त्यानं पाद्र्याच्या हातून प्रभुभोजन घ्यायला नकार दिला, कारण पाद्री सरकारचे नोकर. आपल्याकडं सत्यशोधक हेच सांगत होते, मधला माणूस नको. फरक एवढाच की कीर्केगार्डला त्यातून एकटा माणूस हवा होता आणि फुल्यांना समाज.

शंकेखोर

करवीर_काठ, पाटलांना सांगितलंत याबद्दल खरोखर आदर. माझं मत तरी बदललेलं नाही आणि आता एक नवीन खटकतंय. पाटलांनी निवांत ऐकून घेतलं, कारण घर मानाचं आहे आणि वडील दोस्त होते. गावाच्या त्या टोकाच्या, ज्यांना काठीच्या जवळही येऊ दिलं जात नव्हतं अशा घरातल्या पोरानं "मी देव मानत नाही पण काठी धरतो" म्हटलं असतं, तर त्याला दोर आणायला सांगितला असता का?

मुक्ता_उवाच

+१. आणि पोरीनं म्हटलं असतं तर?

गुऱ्हाळ

आणि फडात पोरगं ठेवून आलेल्या बाईनं?

करवीर_काठ

माहीत नाही. आमच्या गावात कुणी विचारलेलं ऐकिवात नाही.

मास्तर

न विचारण्याचं कारण शोधायला लागलात तर हा धागा पुरणार नाही. १८९९ साली पंचगंगेच्या घाटावर खुद्द शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्र म्हणायला भटजीनं नकार दिला होता. छत्रपतींना. तिथून सुरू करावं लागेल. शंकेखोर, वेगळा धागा काढा, मी उद्या दुपारनंतर येतो, सकाळी बँकेत हयातीचा दाखला द्यायचाय.